अँड्र्यूने आखलेल्या रेषा

सोमवार, २ फेब्रुवारी

पोहोचले बाई एकदाची! राहुरी सोडल्यावर एसटी पाऊण तास उसाच्या ट्रॉलीमागं रांगत होती. ड्रायव्हरने त्या ट्रॅक्टरवाल्याचं सगळं खानदान उद्धरलं. देवळाली प्रवराला उतरले तेव्हा केसांत धूळ होती, पण मन इतकं खुशीत की स्टँडसमोर उभ्या उभ्या दोन ग्लास रस प्याले, आलं-लिंबू घालून.

खोली छान मिळाली. खिडकीतून ऊस दिसतो, नळाला सकाळी तासभर पाणी असतं. आजपासून मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेची सहायक. हजेरीपटावर नाव लिहिलं, दीना अमोलिक. नवऱ्याला सोडून चार वर्षं झाली, पण त्या मेल्याचं आडनाव अखेर कामाला आलं. माहेरचं पाटोळे लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं की दोन वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत शॉक लागून गेला तो अँड्र्यू पाटोळे तुमचा कोण.

माझा धाकटा भाऊ. ज्या खुर्चीवर मी आज बसले, ती त्याची.

विभागप्रमुख भिमाजी सरांनी स्वतः चहा मागवला. जेवणाची सोय झाली का, डबा लावून देऊ का, असं चारदा विचारलं. मी गोड हसले. माझ्या पिशवीत अँड्र्यूच्या तीन अर्जांच्या प्रती आहेत. प्रयोगशाळेला अर्थिंग नाही, जिवाला धोका आहे, त्वरित करून द्यावे. तिन्हींवर सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिलाय. ‘पाहू.’

आता मी पाहते, सर.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सापडली! मागच्या भिंतीच्या कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. अँड्र्यूची पेटी, त्याचं थेरमिन. पत्र्याची पेटी, वर उभी पितळी दांडी, बाजूला वाकवलेली एक कडी. हे वाद्य हात न लावता वाजवायचं असतं. दांडीजवळ माणूस आला की सूर चढतो, लांब गेला की उतरतो, कडीवर हात आणला की आवाज बारीक होतो. पट्टी नाही, तार नाही, हवेत सूर शोधायचा. अँड्र्यू म्हणायचा की ताई, ह्याला फसवता येत नाही, अंग आहे तेवढंच ते बोलतं.

टेबल दाराजवळ आहे. त्याच्यापासून मागच्या कपाटाकडे जमिनीवर ऑइल पेंटने सात रेषा आखल्यात. दांडीजवळची नी, मग ध, प, म, ग, रे, आणि सगळ्यात लांब, कपाटाच्या अलीकडे, सा. पोरांना एकेका रेषेवर उभं करून तो सूर दाखवायचा.

प्रयोगशाळेच्या शिपाई आक्काबाईंनी सांगितलं, की त्या रेषा त्यांनी दोन वर्षं फिनेलने पुसल्या, पर जाईनात. ‘लई गुनी पोरगं हुतं,’ म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मी लगबगीने परीक्षानळ्या मोजायला लागले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सरांना विचारलं, की विज्ञान दिनाला, २८ तारखेला, ही पेटी दुरुस्त करून मांडू का? त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले की मांडा, त्याच्या नावाने मांडा. काय तो उमाळा! नरडीच दाबावीशी वाटली.

काम सोपं नाही. कॉइल तीनदा गुंडाळली. आत दोन लहरी एकमेकींशी झगडत असतात, त्यांच्यातल्या फरकाचा सूर होतो. त्या जरा जवळ आल्या की एकमेकींना चिकटतात आणि पेटी मुकी होते. उन्हाने पत्रा तापला की सूर सरकतो. मी श्वास घेतला तरी सरकतो. दुपारी आक्काबाई झाडू घेऊन शेजारून गेल्या तर पेटीने असा गळा काढला की त्यांनी झाडू टाकला आणि पळाल्या. पोट धरून हसले. किती दिवसांनी!

पेटीची मूळ वायर नव्हती, नवी आणली. मूळ वायरीने ती आमच्या नगरच्या घरी वाजली होती, शेवटच्या नाताळात. घरच्या सॉकेटला दोनच भोकं, तरी आम्ही जमवलं, आणि अँड्र्यूने आईच्या फोटोसमोर आख्खं गीत वाजवलं. सहा जानेवारीला गेला.

माझा बेत लिहून ठेवते. विज्ञान दिनाला दीपप्रज्वलन भिमाजी सर करणार, शास्त्रज्ञांच्या फोटोपुढे, चपला काढून. तसंच अनवाणी त्यांना पेटीपाशी आणायचं आणि म्हणायचं, की सर, दांडी धरून उद्घाटन करा. त्या दांडीत मी लाइन सोडलेली असेल. ज्या वाद्याला कुणी हात लावत नाही, त्याला एकटे तेच लावतील. माझ्या भावाला जे झालं तेच, तिथंच.

निघताना पेटीवर हात ठेवून म्हणाले, ‘अँड्र्यू, ज्याच्या हातानं तुझा जीव गेला, त्याला सोडू नकोस.’

बुधवार, ११ फेब्रुवारी

पेटी बोलली! टेबलापाशी स्टुलावर बसून शून्य लावलं. म्हणजे मी बसलेली असताना पेटी गप्प, दुसरं कुणी जवळ आलं तरच वाजणार. दार लावलेलं, पंखा बंद.

दुपारी सव्वातीनला सा लागला.

खालचा, स्थिर सा. खोलीत मी एकटी. कॉइल तपासली, सोल्डरचे डाग तपासले, सगळं ठीक. पोरं सा च्या रेषेवर उभी राहत तेव्हा अगदी हाच सूर येत असणार. मी त्या रेषेकडे बघत बसले. मला भीती वाटली नाही. रडू आलं, आणि आनंदही झाला. आलास का रे?

शनिवार, १४ फेब्रुवारी

गुरुवारी रे. आज ग. एकेक रेष तो पुढे येतोय, टेबलाकडे, माझ्याकडे. मी त्याला सगळा बेत मोठ्याने सांगितला. सूर जरासुद्धा हलला नाही. ऐकत होता. पेटीला फसवता येत नाही, तोच म्हणायचा. त्याचं पटलंय म्हणूनच तो जवळ येतोय.

सरांनी आज मला त्यांच्या घरचे चिक्कू आणून दिले. आक्काबाईंना देऊन टाकले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

दांडीला आतून लाल वायर जोडली. वेगळं बटण टेबलाखाली.

सूर म वर आहे. दोनदा प ला टेकून मागे गेला. खोलीत नाताळाच्या मेणबत्त्यांसारखा वास येतो, मेण आणि जळकी वात. आक्काबाई आत यायला तयार नाहीत, म्हणतात पायाला गार लागतंय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय.

रंगीत तालीम म्हणून सरांना स्टुलावर बसवलं. लाल वायरीचं बटण बंदच होतं, आज नाही, आज फक्त बघायचं होतं. नव्याने शून्य लावलं. मी मागे कपाटाला टेकून उभी राहिले. सूर प वर होता. मनात म्हटलं, घे, हा बसलाय तुझ्यासमोर, ओळख पटव.

सूर उतरला. म. ग. रे. सर म्हणाले की वा, आपोआप सरगम! सा. मग पेटी गप्प.

तो त्यांच्याकडे गेलाच नाही. दांडीपासून लांब लांब आला, रेषेमागून रेष, कपाटाकडे. कपाटापाशी मी होते. माझ्या मानेवर कुणी फुंकर घातल्यासारखं झालं.

सरांना ओळखत नसेल. दोन वर्षं झाली. केस पांढरे झालेत त्यांचे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज आक्काबाई मागच्या अंगणात बादलीने पाणी ओतत होत्या, एका सिमेंटच्या खड्ड्यात. मी विचारलं झाड आहे का. हसल्या. म्हणाल्या, ‘न्हाई बाई, अर्थिंगचा खड्डा हाय. मीठ-कोळसा भरलाय, वल लागती त्येला. अँड्र्यू सरच सांगून गेल्ते, रोज एक बादली.’

मी म्हटलं अर्थिंग तर झालंच नव्हतं.

झालं होतं. भिमाजी सरांनी पदरच्या पैशाने करून घेतलं होतं, संस्थेची वाट न बघता. सिमेंट ओलं असताना अँड्र्यूने काडीने तारीख कोरलीय. अक्षर त्याचंच. दहा डिसेंबर. तो गेला त्याच्या सत्तावीस दिवस आधी.

मग तो मेला कसा?

आक्काबाईंनी रिकामी बादली पालथी घातली आणि म्हणाल्या, की पेटीची वायरच खराब हुती. सरांनी ती दडवून ठिवली, पंचनाम्यात येऊ दिली न्हाई. म्हनाले, मेलेल्या पोराच्या माथी चूक नको.

मी कुणावर दात खात होते इतके दिवस?

बुधवार, २५ फेब्रुवारी

कपाटाच्या तळाशी, पिशवीत. वायर. थ्री-पिनची. वरची जाड पिन नाही. उपटलेली. भोकावर निळी चिकटपट्टी, तीन वेढे, टोक दुमडलेलं.

टोक असं मी दुमडते. पुन्हा सोलायला सोपं पडतं म्हणून.

नाताळ. घरच्या सॉकेटला दोनच भोकं. मीच पक्कड घेतली आणि अर्थची पिन उपटली, आण इकडे म्हणून, हसत. तो म्हणाला की ताई, परत नेताना प्लग बदलून दे, इथं चालतंय, पण तिथं ह्या पिनीवाचून अर्थिंग पेटीपर्यंत पोचायचंच नाही. मी हो म्हटलं. निघायच्या दिवशी भांडलो होतो, काहीतरी चहावरून. दारातून त्याने विचारलं की बदललास का. मी वर न बघता म्हटलं, ‘बदललाय, जा आता.’

बदलला नव्हता.

हे मी विसरले होते का? नाही. विसरले नव्हते. हे झाकायला ह्याच्यावर भिमाजी सरांना आणून बसवलं होतं.

पेटी वाजतेय. ध.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

गेले नाही कॉलेजात. ताप आहे असं कळवलं. सरांनी आक्काबाईंच्या हाती पेज पाठवली. नका हो, नका असं करू.

स्टँडवर गेले, नगरची एसटी समोर उभी होती. चढले नाही. लाल वायर अजून दांडीत आहे. मी पळाले आणि परवा कुणी ते बटण दाबलं तर —

मीच म्हटलं होतं त्याला. ज्याच्या हातानं. सोडू नकोस. तो तर माझं ऐकतोय फक्त —

शनिवार, २८ फेब्रुवारी, सकाळी नऊ

प्रयोगशाळेत आहे. कार्यक्रम अकराला. वायर कापली. पेटीचा प्लग काढला, हातात घेऊन बघितला, तिन्ही पिना आहेत. निघणार होते.

नी.

प्लग बाहेर आहे. पेटीत वीज नाही. तरी नी, कान फाटेल असा.

तो दांडीपाशी उभा आहे. दार त्याच्या पलीकडे —

मागे सरकले. कपाटाला टेकलेय. खिडक्यांना गज. हाक मारली, मैदानात स्पीकर लागलाय, कुणी ऐकत नाही —

ध.

सर, ही वही तुम्हाला सापडेल. मी अँड्र्यूची बहीण. मी तुम्हाला मारणार होते. लाल वायर कापलीय, आता धोका नाही, खुशाल दिवा लावा. पिन मी काढली होती. त्याची चूक नव्हती, सगळ्यांना सांगा, त्याची नव्हती —

प. म.

सूर उतरतोय. लोकांना वाटेल लांब जातोय —

ग. मेणाचा वास.

रे.

अँड्र्यू, ऐक. मी चिडले होते रे त्या दिवशी. नुसती चिडले होते —

सा.

पेटी गप्प झाली. म्हणजे तो आता कुठल्याच रेषेवर नाही. रेषा संपल्या की कपाट —

थांब. विचारू नकोस. सांगते, खरं सांगते. नाही बदलला. हा बघ, ह्याच हातानं पक्कड —