जुन्या नंबरांची शाळा

बाबा, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

पाडू नयेत अशा जुन्या इमारतींची यादी आमच्या संस्थेनं पालिकेला दिली. ती मीच केली आणि घरांचे नंबर बदललेत हे न बघता जुनेच लिहिले. त्यामुळे एक गॅरेज वाचलं आणि शेजारची शंभर वर्षांची शाळा पाडली गेली.

शाळेचा दरवाजा तेवढा हाती लागला, तो ऑफिसात भिंतीला टेकवलाय. अध्यक्षबाई आल्या की आधी त्याची धूळ पुसतात.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगू नका.

तुम्ही सुतारकामात लाकडाला हात लावून पाहिल्याशिवाय करवत उचलत नाही. शाळा ऑफिसपासून दहा मिनिटांवर होती. मी एकदाही गेले नाही, बाबा.

तुमची धाकटी