टपावरचा लाल-निळा दिवा

चिखले, मंगळवार संध्याकाळ

तलासरीच्या डोंगरपट्टीतून जुनी फोर-बाय-फोर जीप आणली. चिकूच्या वाडीतल्या चिखलात चालेल. टपावर मात्र लाल-निळा दिवा. खासगी गाडीला तो लावता येत नाही, म्हणून तिथेच काढा म्हटलं. विकणारे लक्ष्मणकाका (गुडघ्यांमुळे आता त्यांना क्लच दाबवत नाही) म्हणाले, "घरी नेऊन काढा. इथे नको." मला वाटलं, आळस.

उतारावरच्या पाड्यापाशी दोघे जण तापाने फणफणलेल्या म्हातारीला धरून उभे होते. मी गाडी हळू केली. दिवा बघून त्यांनी काही न विचारता मागचं दार उघडलं, तिला बसवलं. चालवणारे काका नाहीत, हे त्यांना नंतर कळलं; पाड्यावरच्या आजाऱ्यांना काका याच जीपमधून दवाखान्यात नेत. दवाखान्यात सोडून पुढे आलो.

घरी येऊन दिवा काढला. ॲम्ब्युलन्सचा दिवा कोणीही मिरवू नये, हे मला पटतंच. टपावर चार भोकं राहिली. पाणी गळेल. बुजवू का?

काकांना फोन केला. म्हटलं, दिवा काढला, पाड्यावर सांगून ठेवा. ते म्हणाले,

"तेवढं तुम्हीच सांगा. मला जमलं असतं तर इथेच काढला असता."