छावणीचा ठराव आणि माझी गोळी

५ मार्च २०१३
बीडला गेले. मालक गेल्यापासून झोप नाही. डॉक्टरांनी डोकं शांत ठेवायची गोळी दिली. रोज एक. पूर्वी कधी फिट आली होती का, असं विचारलं. शेजारी थोरल्या जाऊबाई, छबुबाई बसलेल्या. मी नाही म्हणाले. माहेरचं फेफरं चौदाव्या वर्षी संपलं. तीस वर्षं सासरी कुणाला कळू दिलं नाही.

७ मार्च
गोळीसोबतचा इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन वाचला. दोन तास. फिटचा धोका वाढू शकतो म्हणे, आधी आली असेल तर जास्तच. कंपन्या अंग काढून घ्यायला काहीही छापतात. शिवाय लहानपणचं ते काय धरायचं?

१२ मार्च
झोप लागते. २३ला दूध संस्थेची सभा. चेअरमन भगवानराव चारा छावणी बंद करणार. मग माझ्या कपिला गाईला बाजार दाखवावा लागेल. मीच बोलणार. चार पानी भाषण लिहिलं.

१६ मार्च
हात उडाला, कप फुटला. छबुबाई म्हणाल्या, अगं हात कावून उडतोय तुझा? मी म्हटलं, कपाचा कानच गुळगुळीत हाय.

१९ मार्च
दुसरा कप. आजपासून चहा स्टीलच्या ग्लासात. डॉक्टरांना फोन करावा, पण फोन छबुबाईंच्या ओसरीवर. सभेनंतर बघू.

२२ मार्च
धीर यावा म्हणून दोन गोळ्या. उद्या सकाळीही दोन.

२३ मार्च, सकाळी ९
तब्येत ठणठणीत. मालकांच्या चपला घातल्या. मोठ्या होतात, पण पाय ठाम राहतात.

२५ मार्च, बीड, दवाखाना
‘सभासद बंधूंनो’ एवढंच बोलले म्हणे. शुद्धीवर आले तर नाकाला चप्पल. मालकांचीच. धरली होती भगवानरावांनी. छावणी चालू ठेवायचा ठराव बिनविरोध मंजूर. मला तशी पडलेली बघून कुणी वादच घातला नाही. चार पानं फुकट.

डॉक्टर लई चिडले. चपलेवर आणि माझ्यावर. पुन्हा विचारलं, आधी फिट आलती का? मी तोंड उघडायच्या आत छबुबाई म्हणाल्या, लग्नाआधी यायच्या की. समद्या भावकीला ठाऊक हाय.

मग त्या दिवशी गप्प का बसलात, डॉक्टर ओरडले.

तर म्हणाल्या, हिच्या मालकानंच, धोंडीराम भावजींनी शपथ घातलती. तिला वाटतंय कुणाला ठाऊक न्हाई, तर तसंच वाटू द्या म्हणले.

गोळी बदलली. नवा कागद वाचायला डिक्शनरी छबुबाईंनी घरूनच पिशवीत टाकून आणली. चपला कॉटखाली आहेत, विचारून घेतलं.

तीस वर्षं. मालक एका शब्दाने बोलले नाहीत.