काश्मीर ते कळस नव्हे

ता. २१ नोव्हें. संगमनेर
नाशिक सोडलं सहाला, हितं पोचले अडीचला. उजवा गुडघा दुखतोय, पण कालच्यापेक्षा कमी. श्रीनगरहून निघून महिना झाला. कन्याकुमारीचं निम्मं अंतर उरकलं. कॅनॉलच्या रस्त्यावर सायकल शिकताना मी दोनदा पडले तेव्हा आमच्या सगळ्या कळस गावानं दात काढले होते. काढा म्हणावं आता.

नियम एकच, गाडीत बसायचं नाही. एक कि.मी.सुद्धा नाही. पंजाबात ताप आला तेव्हा दोन दिवस पडून होते, पण जिथं थांबले तिथनंच पुन्हा निघाले. हे मागून टेम्पो चालवतात. कमाताई टेम्पोत, स्टोव्ह नि परात घेऊन. थोरली नणंद. एकोणीस वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवली, आता माझ्यासाठी रस्त्याकडंला भाकरी थापतात. वर म्हणतात, "खा मुकाट्यानं. तू पडलीस तर नाव माझं खराब हुईल."

संध्या. भावजींचा फोन आला ह्यांना. हे टेम्पोच्या पलीकडं जाऊन बोलले. विचारलं तर "काय न्हाय." ह्यांचं काय न्हाय म्हणजे काहीतरी आहेच.

ता. २२ नोव्हें. नगर
कळलं शेवटी. उसाला तोड आली, कापणीचा नंबर लागला. साखर कारखान्याचा, तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय घरी येऊन सासऱ्यांना, आबांना, सांगून गेला. चार दिवसांत ऊसतोडीची टोळी फडात.

आमचा ऊस लावला गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर. बेणं मी स्वतः तोडलंय. त्या हिशोबानं तोड जानेवारीच्या आधी येत नाही, म्हणून तर मोहीम ऑक्टोबरात काढली. मग आत्ताच कशी?

ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. "लागणीची नोंद जुलैच्या पयल्या आठवड्याची दिलीती. तोड लवकर यावी म्हणून. सगळंच देत्यात गं."
"आन् कॅलेंडर घिऊन बसलो तवा का न्हाय बोलला?"
"इसरलो."

इसरले. फसवायला गेले कारखान्याला आणि फसले मी.

तोड सोडली तर नंबर थेट हंगामाच्या शेवटाला जातो, ऊस उभ्या उभ्या वाळतो. भावजींची बारामतीत कंपनी, सुट्टी नाही. आबांना धड दिसत नाही. म्हणजे ह्यांना जायला पाहिजे आणि ह्यांच्याबरोबर टेम्पोला. तेवढं मला कळतं, ऊस माझाही आहे. पण हे म्हणतात, "तूबी चल. पंधरा दिस थांबू, मग बघू."

मग बघू. बारावीनंतर डी.एड. करायचं होतं, मग बघू. शिवणाचा क्लास काढायचा होता, मग बघू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवले नाही.

ता. २३ नोव्हें. दौंड
दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. पाणी घेतलं, केळी घेतली, बोलले नाही. सायकलच्या आरशात टेम्पो दिसत होता, पन्नास फूट मागं, रोजच्यासारखा. वाईटही वाटलं. माणूस महिनाभर माझ्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चालवतोय, एकदा कुरकुरला नाही. पण राग गेला नाही.

भावजींचे तीन फोन. "वयनी, हट्ट सोडा. निम्मा देश झाला की. लई झालं." उंटावरनं शेळ्या हाकायला भावजी पटाईत.

कमाताई भांडी घासता घासता म्हणाल्या, "तुझा दत्ता चुकला, त्यात वादच न्हाय. पर तू घरी गेलीस की संपलं बघ. मालक गेल्यावर मी चार दिसांसाठी म्हणून माहेरी आले. एकुणीस वर्सं झाली."

ता. २४ नोव्हें. इंदापूर, लॉजवर
शांतपणे लिहायचं ठरवलंय, जमत नाही.

वाटेतच आमचं गाव. कळस फाट्यावर मांडव. हलगी. पन्नास-साठ माणूस. आणि फ्लेक्स, माझ्यापेक्षा भावजींचा फोटो मोठा: 'काश्मीर ते कळस! सायकल मोहीम फत्ते! सौ. शालनवहिनींचे हार्दिक अभिनंदन!'

फत्ते? कुणाला विचारून? फ्लेक्स छापायला दोन दिवस लागतात. म्हणजे मी नगरला रडत होते तेव्हा हितं मोहीम फत्ते झाली होती. ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, तोंड माझ्याइतकंच पडलं होतं.

शाल घेतली, नारळ घेतला. माइक पुढं केला तशी म्हणाले, "तुमी आलात, बरं वाटलं. पर कन्याकुमारी अजून लांब हाय. त्यो फ्लेक्स उतरवा, खोटं लिवलंय." हलगीवाला वाजवायचं विसरला. मागं बायका उभ्या होत्या, त्यातली एक जोरात हसली. कोण ते दिसलं नाही, पण जीव गार झाला.

भावजी जवळ येऊन म्हणाले, "घराण्याची शोभा केलीत." म्हटलं, "फोटो तुमचाच मोठा हाय, शोभाबी तुमचीच."

आबा मांडवात बाजेवर बसले होते. म्हणाले, "घरात चल. च्या घे."
म्हटलं, "न्हाय आबा. हितंच द्या."
उंबऱ्यावरनं परत गेली सून, अशी बोंब गावभर होणार हे मला दिसत होतं. आबांनी काठी टेकली. मग माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलले. "आमी मेंढरं घिऊन कोकणाकडं निघालो की वाटंत घर लागायचं. थांबत न्हवतो. मेंढरं एकदा का वाड्यात शिरली की दोन दोन दिस भाईर निघत न्हाईत." आणि च्या फाट्यावर मागवला. ही परवानगी होती की नुसती आठवण, देव जाणे. मी परवानगी धरली.

उभ्यानं च्या प्याले. हे म्हणाले, "टेम्पो न्हाय, काय न्हाय, कशी जाशील?" म्हटलं, "सायकलीवर." पंक्चर मला काढता येतं, चेन बसवता येते. मग कमाताई टेम्पोतनं उतरल्या. पिशवीत स्टोव्ह, तवा, माझी गोधडी. "मी येष्टीनं म्होरं जाते. ही सांजच्याला येईल तितं मी ष्ट्यांडवर बसलेली असंन." हे म्हणाले, "आक्का, तुला येकटीला जमंल का?" त्या म्हणाल्या, "एकुणीस वर्सं तुझ्या घरात जमलं की."

ह्यांनी माझ्या सायकलची हवा तपासली, दोन्ही चाकं. एक ट्यूब जास्तीची दिली. निघताना डोळ्याला डोळा देत नव्हते. मीही दिला नाही, दिला असता तर थांबले असते.

ता. २५ नोव्हें. अकलूज
पहिल्यांदा आरशात टेम्पो नाही. सारखी बघत होते. सवय लागली होती. उसाच्या ट्रॉल्या अंगावरनं जातात तेव्हा सायकल पार कडेच्या मातीत घेते. स्टँडवर कमाताई बाकड्यावर, चहावाल्याशी भांडत. बघून रडू आलं. म्हणाल्या, "रडतीस काय? उशीर केलास. पाणी दोनदा गरम केलं."

ता. २७ नोव्हें. सांगोला
एक दिवस उशीर. काल वेळापूरच्या पुढं टायर फाटलं, ट्यूब नाही, टायरच. सायकल ढकलत अकराएक कि.मी. चालले. ट्रकवाला थांबला, "बसा ताई, सोडतो सांगोल्याला." चांगला माणूस होता. नाही म्हटलं. एका वस्तीवर बाईनं झोपायला जागा दिली. आज उरलेलं अंतरही ढकलतच. कमाताईंकडं फोन नाही, हितं स्टँडवर रात्रभर जागल्या. मी पोचले तेव्हा चार शिव्या दिल्या आणि मग पाय चेपून दिले. नवं टायर मिळालं.

ता. २८ नोव्हें. जत
ह्यांचा फोन. टोळी अजून आलेलीच नाही. आधी एका पुढाऱ्याच्या फडात शिरली. हे चार दिवस बांधावर बसून आहेत. ऐकून आधी हसले, मग वाईट वाटलं.

म्हणाले, "तू तितंच थांब. तोड झाली की येतो टेम्पो घिऊन. येकटी कर्नाटकात जाऊ नको."
"थांबणार न्हाय. तुमी मागनं या."
"लई म्होरं गेलीस तर गाठायला येळ लागंल."
"लागू द्या."
उसातला वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, "पुढच्या चाकात हवा कमी ठिवू नको," आणि फोन ठेवला. येणार म्हणाले नाहीत. येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

कमाताईंनी विजापूरची गाडी विचारून ठेवलीय, सव्वासातची. पाटी कानडी, वाचता येत नाही, पण कंडक्टरला नाव सांगून आल्यात.

भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. सहाला निघणार.