घरगाडीचा काटा वर येत नाही

१८ सप्टेंबर, सकाळ
आजपासून गाडीचं सगळं मी बघणार. यांनी मुंबईची नोकरी सोडून जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, त्यात बिछाना, बेसिन, संडास बसवला. इंजिनातलं यांना काय कळतं? मी पंधरा वर्षं भातगिरणीचं इंजिन चालवलंय. दसऱ्याला सासऱ्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचंय. छप्पन साली त्यांचा बाप तिथे दीक्षेला गेला, पोराला म्हशीपाशी ठेवून. ते पोर म्हणजे आबा, आता चौऱ्याऐंशीचे. गुडघे वाकत नाहीत, तासाला संडास. यंदा नाही तर नाहीच. सत्तावीसला निघायचं.

१८, दुपार
इंजिन उघडलं. पाण्याच्या वाटेत एक पितळी डबी घुसवलेली. पाणी अडवते मेली. गिरणीला असलं काही नव्हतं. काढून टाकली. इंजिन जेवढं थंड तेवढं टिकतं. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, टाळ्या वाजवणार आहेत?

२० सप्टेंबर
मालगुंडपर्यंत जाऊन आलो. टेम्परेचरचा काटा तळाला. हे म्हणाले, काटा मेलाय. मी म्हटलं, तुमच्यासारखा आहे, बसला की उठत नाही. डिझेल मात्र म्हशीने पेंड खावी तसं गेलं. पंपवाल्याने कमी घातलं असणार.

२२ सप्टेंबर
हर्षद मेकॅनिक आला. दाढी बोटभर, अनुभव तेवढाच. म्हणतो, काकी, इंजिन गार राहणं पण वाईट, डिझेल खातं, घाटात ओढणार नाही. सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा टणकन वर. म्हणजे मीटर चांगला. मग सेन्सर बदलला. काटा तळालाच. विचारतो, इंजिन कोणी उघडलं होतं काय? मी म्हटलं, मेकॅनिक तू की मी? पान्हे पिशवीत टाकून निघाला.

२४ सप्टेंबर
शेजारची करुणा बाई येऊन गेली. शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांना शिकवते. तिचा ग्रुप अठ्ठावीसला रेल्वेने नागपूरला चाललाय. म्हणाली, काकी, आबांचं आणि काकांचं तिकीट काढून ठेवलंय, लागलंच तर. खालचा बर्थ, बाथरूमजवळ. मी म्हटलं, आमच्या आबांना चाकावर घर आहे, तुझा बर्थ काय करायचाय? आबांना कमी ऐकू येतं. तरी तिला म्हणाले, रद्द करू नको गो.

२६ सप्टेंबर
उपाय सापडला. हर्षद म्हणाला होता, रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठा लावून बघा, वारा कमी लागेल. अर्धं काम मी करत नाही. गोणपाटाची चौघडी करून सगळा रेडिएटर बांधला. पूर्ण वाडीला सांगून आले, उद्या निघतोय. पलीकडची गंगुबाई म्हणाली, पोचाल ना? तिचं तोंडच तसं.

२७, सकाळी ७
हातखंब्याचा चढ. काटा मधोमध. यांना म्हटलं, बघा.

२७, सव्वासात
हे बघेपर्यंत काटा टोकाला. वाफ. पाण्याचा पाइप फुटला. आबा मागे बिछान्यावर. म्हणाले, सूनबाई, मला नागपूरला नेतेस की हातखंब्याला? म्हातारपणी जीभ सुटते.

२७, संध्याकाळ
गाडी ओढून परत आणली. हर्षदने फुटका पाइप काढला, आत टॉर्च मारला. काकी, इथला थर्मोस्टॅट कुठाय? इंजिन तापेपर्यंत तोच पाणी अडवून धरतो. मी म्हटलं, कंपनीने घातला नसेल. तो हसला नाही. हसला असता तर चार शब्द सुनावले असते. नवा कोल्हापूरहून येणार. तीन-चार दिवस.

२८ सप्टेंबर
आबा आणि हे करुणाबरोबर रेल्वेने गेले. स्टेशनवर सांगितलं, गाडी झाली की मी मागून येते, तुमच्या आधी पोचेन. आबांनी डोक्यावर हात ठेवला. मला गाडी चालवता येत नाही, ती बारीक गोष्ट आहे.

२ ऑक्टोबर, दुपार
यांचा फोन. आबा रांगेत दोन तास उभे राहिले, गुडघ्याचं नाव काढलं नाही. आत हात जोडून खूप वेळ थांबले. बापाचं नाव घेत होते. बर्थवर झोप चांगली लागली म्हणे. त्यांना काय, कुठेही लागते.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ
हर्षद थर्मोस्टॅट बसवून गेला. गाडी अंगणातच चालू ठेवली. वीस मिनिटांत काटा बरोबर मधे येऊन थांबला. मी म्हणतच होते, इंजिनात काही खोट नाही. दाखवायला घरात कोण नाही. गंगुबाईला हाक मारली.
तीपण नागपूरला गेलीय.