अडतीसची तीन, एकोणीसचे एक

मी, मॅलरी रूथ ऑस्टरहाउट, वय एकतीस, व्यवसाय नाणेपरीक्षण, राहणार चिलिकॉथी, ओहायो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतः लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत आहे. माझ्या वडिलांची, रॉजर ऑस्टरहाउट यांची, तीच वाहिनी फुटली होती. माझी पुढच्या आठवड्यात कापून बदलायची आहे. डॉक्टर आशावादी आहेत. मी आकडेवारी वाचली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. मिल स्ट्रीटवरील माझे घर माझी आई जोलीन हिला द्यावे. बर्फ वितळताना तळघरातला पंप चालू ठेवावा लागतो. आईने घर विकले तरी माझी हरकत नाही. मात्र विकताना माझे चुलते ड्वेन ऑस्टरहाउट यांचा सल्ला घेऊ नये.

२. बँकेतील बचत आणि विम्याची रक्कमही आईचीच. पुढच्या कलमांत काहीही घडले तरी तिला कोणाची मेहरबानी लागू नये, म्हणून हे कलम आधी लिहिले आहे.

३. माझा सूक्ष्मदर्शक आणि तराजू आमच्या गावच्या नाणेसंग्राहक मंडळास द्यावेत. तराजूला हात लावण्यापूर्वी डोनटची साखर धुवावी.

४. ब्रेंट कॅलवे याच्याशी माझा साखरपुडा झाला होता. त्याने माझ्या वाढदिवसाला माझे एक जुने चांदीचे नाणे द्रावणात बुडवून आरशासारखे चकचकीत केले आणि वर विचारले, "आवडलं का?" ज्या झळाळीला किंमत असते ती त्या द्रावणाने कायमची जाते. उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. ती त्याला द्यावी.

५. पितळी कडीचे भिंग ड्वेन काकांना परत करावे. ते त्यांचेच आहे. मी सात वर्षांची असताना त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि नाणे कडेने धरायला शिकवले. हे मी नाकारत नाही. पुढचे कलम वाचताना त्यांना भिंगाची गरज पडेल.

६. आता नाणी.

चालत्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, अर्धा डॉलर: उगवत्या सूर्याकडे हात पसरून निघालेली बाई, अंगावर झेंडा. वडील कागदगिरणीत काम करत आणि ही मालिका जमवत. त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये प्रत्येक सालाचे नाणे बसवायला एक भोक होते. त्यांचे सर्वांत आवडते नाणे १९१९ सालचे, डेन्व्हरच्या टांकसाळीचे. त्या वर्षी तिथे छाप इतका हलका बसला की बहुतेक नाण्यांवर बाईचा हात सपाट आहे. वडिलांच्या नाण्यावर अंगठा दिसत असे. ते आईला भिंग देऊन म्हणत, "जोलीन, हिचा अंगठा बघ." आई म्हणायची, "बघितला. आता जेवायला चल."

वडील गेले त्याच महिन्यात ड्वेन काका आमच्या स्वयंपाकघरात आले. गावात त्यांचे नाण्यांचे दुकान होते, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते. मी बारा वर्षांची होते आणि टेबलाशीच बसले होते.

"जोलीन, हे एकोणीसचं मला दे. बदल्यात अडतीसची तीन देतो. तीही डेन्व्हरचीच."

"एकाला तीन? तुझं नुकसान होईल, ड्वेन."

"घरच्या घरात कसलं नुकसान? हे बघ, नाण्यांच्या पुस्तकात छापलंय. एकोणीसची पाडली साडेअकरा लाखांच्या वर. अडतीसची पाच लाखसुद्धा नाहीत. आकडे कधी खोटं बोलतात का?"

मी विचारले, "मग काका, तुम्हाला हे कशाला हवंय?"

"माझ्या फोल्डरमध्ये नेमकं तेवढंच भोक रिकामं आहे, पोरी. रिकामं भोक दिसलं की मला झोप लागत नाही." ते हसले. "हिला दुकानात बसवायला हवी. गिऱ्हाईक पळवून लावेल."

आईने नाणे दिले. वर पीच फळांचा घरचा केकही बांधून दिला.

आकडे खरे होते. आम्हा नाणी जमवणाऱ्यांची नेहमीची चूक हीच, की किती पाडली ते पाहतात आणि किती उरली ते विचारत नाहीत. १९३८ साली कमी आकड्याची बातमी लगेच पसरली आणि लोकांनी कोऱ्या नाण्यांच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या कपाटात ठेवल्या. म्हणून ते नाणे आजही हवे तेवढे मिळते आणि त्याच्या लायकीपेक्षा महाग विकले जाते. १९१९ साली कोणी काही ठेवले नाही. मिळाले ते खर्च झाले आणि हातोहात झिजले. कोरे, त्यातही अंगठा दिसणारे, जवळजवळ नाहीच. पुस्तकातली किंमतही त्याला कमी पडते. हे कोणत्याही दुकानदाराला माहीत असते. ड्वेन काकांचा धंदाच तो होता.

नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या ज्या संस्थेत मी काम करते, तिथे पाच वर्षांपूर्वी एक एकोणीसचे तपासणीला आले. कडेला फोल्डरच्या कागदाने उमटलेली काळसर चंद्रकोर होती आणि अंगठा होता. मी ते तपासायला नकार दिला आणि कारणाच्या रकान्यात 'पूर्वपरिचय' असे लिहिले. पुढे ते जाहीर लिलावात निघाले तेव्हा मी विकत घेतले. विकणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितले, "चिलिकॉथीच्या ड्वेनकडून घेतलं होतं. त्याला तेव्हा एक नाव विकत घ्यायची होती." वडिलांच्या थडग्यावर दगड बसण्यापूर्वीच नाणे गेले होते. भोक रिकामेच राहिले आणि काकांना झोप लागली.

त्या नावेचे नाव लिबर्टी आहे. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ते आईला तिच्यातून नदीत फिरवून आणतात. आई दरवर्षी त्यांचे आभार मानते आणि केक घेऊन जाते. मी ती नाव किनाऱ्यावरून पाहिली आहे. चढले नाही.

७. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या मंगळवारी, चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक भरते तिथे, हे मृत्युपत्र आईच्या आणि ड्वेन काकांच्या समोर मोठ्याने वाचावे. एकही ओळ गाळू नये. मग एका तबकात एका बाजूला एकोणीसचे एक आणि दुसऱ्या बाजूला त्यांनीच दिलेली, आईने पुढे माझ्याकडे सोपवलेली अडतीसची तीन ठेवावीत. ड्वेन काकांनी कोणतीही एक बाजू उचलावी. ती कायमची त्यांची. राहील ती आईची.

तीन उचलली, तर त्या दिवशी स्वयंपाकघरात ते जे बोलले ते त्यांना खरे वाटत होते असे मानावे, आणि एकोणीसचे आईच्या हातात द्यावे. एक उचलले, तर ते खरे बोलले होते की खोटे, ते त्यांनी स्वतःच सांगितले असे मानावे. ते नाणे त्यांच्याकडून कोणी परत मागू नये. काही न उचलता उठून गेले, तर चारही आईची.

त्यांना घाई करू नये. कॉफी द्यावी.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मंडळाच्या अध्यक्षा लोर्ना टिबेट्स यांनी करावी. त्यांनी वीस वर्षे शाळेची बस चालवली आहे, त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नाही. कलम सात त्यांना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅलरी, तुझ्या आईचा विचार केलास का? ती त्याला देवमाणूस समजते."

"म्हणूनच," मी म्हणाले.

"आणि त्याने एकोणीसचं उचललं तर? तुझी एवढ्या वर्षांची कमाई त्याच्या खिशात जाईल."

"जाऊ दे. त्या खिशाकडे सगळे बघत असतील."

मंडळातील सदस्यांना काही शिक्षा ठरवायला मी सांगत नाही. आमच्याकडे प्रत्येकाचे विक्रीचे तबक टेबलाभोवती हातोहात फिरते आणि जो तो नाणी उचलून पाहतो. मी लहान असताना एका म्हाताऱ्याने घासलेली नाणी कोरी म्हणून विकली होती. पुढच्या बैठकीत त्याचे तबक एकाही नाण्याला हात न लागता फिरून त्याच्यासमोर परत आले. तो पुन्हा आला नाही. तेव्हा शेजारी बसलेल्या ड्वेन काकांनी माझ्या कानात सांगितले होते, "तोंडाने काही बोलायचं नाही, पोरी. फक्त पुढे सरकवायचं."

९. माझे दफन वडिलांच्या शेजारी करावे. ड्वेन काकांनी शवपेटीला खांदा देऊ नये.

१०. शस्त्रक्रियेतून मी वाचले, तर कलम एक ते पाच आणि नऊ थांबू शकतात. सात थांबणार नाही. चालता येऊ लागल्यावर जो पहिला मंगळवार येईल, त्या दिवशी तबक मी स्वतः आणीन, ड्वेन काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन आणि त्यांच्यापुढे सरकवीन.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. त्यात बदल नाही.

सही: मॅलरी रूथ ऑस्टरहाउट

आमच्या डोळ्यांदेखत तिने सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: हार्लन व्हिकर्स, सदस्य, नाणेसंग्राहक मंडळ
साक्षीदार २: डोरीन पेटिट, शेजारीण

स्थळ: चिलिकॉथी, ओहायो
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२३