भाऊ, तू डोल्मासाठी उभा राहिलास

प्रिय भाऊ,

काल डोल्मा आली. दर हिवाळ्यात येते तशीच, गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतून, स्वेटरांचे गठ्ठे घेऊन. तुझं दुकान बंद बघून घरी आली. वहिनीनं तुझ्या फोटोकडे बोट केलं आणि ती दारातच खाली बसून रडली. तू गेलास तेव्हा मीसुद्धा एवढी रडले नव्हते. खरं सांगू? मला तिचा रागच आला. भाऊ माझा, आणि रडण्यातही हीच पुढे?

संध्याकाळी मेडशीहून सासऱ्यांचा निरोप आला. "भाऊ होता तवर राह्यली. आता मुकाट्यानं नांदायले ये, नाहीतर पोरगी आमच्याकडे पाठव." म्हणून लिहायला बसले. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला याचं उत्तर सुचायचं नाही.

मी सासर सोडून रिसोडला आले तो दिवस आठवतो? गालावर वळ होते, बोटाला पोरगी होती. तू काही विचारलं नाहीस. मागची खोली झाडून दिलीस, पोरीला शाळेत घातलंस, मला शिलाई मशीन आणून दिलीस. मी म्हटलं, "भाऊ, एकदा मेडशीले जाऊन त्यायले विचार ना."

तू खाली बघत म्हणालास, "तू राह्य इथं जन्मभर. पण मी तिथं काही बोलत नाही. तो त्यायच्या घरातला मामला हाय."

सासऱ्यांच्या शब्दावर अर्धी मेडशी तुझ्या दुकानातून बियाणं-खत नेत होती. ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. 

आणि डोल्मा? तुझ्या दुकानाच्या ओट्यावर स्वेटर टांगायची, दुपारचा चहा तुझ्यासोबत प्यायची. तिचा भाऊ तिकडे तिबेटात राहिलेला. घरात धर्मगुरूंचा फोटो ठेवला म्हणून पोलिसांनी त्याला उचलून नेलं, तो परत आलाच नाही. हे ऐकल्यापासून तू बदललास. बाजारभावापुरता पेपर उघडणारा तू, जेवताना परदेशाचं पान मोठ्यानं वाचायला लागलास. "आपलं सरकार चीनले काहून काही इचारत नाही?" मी भाकरी थापत ऐकायचे. आत नुसती आग व्हायची.

मग मागच्या हिवाळ्यात कॉलेजात ते भाषण झालं. परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले साहेब आले होते. प्रश्न विचारा म्हणाले, तसा तू उठलास. एवढ्या लोकांसमोर बोलताना मी तुला पहिल्यांदाच पाहिलं. डोल्माच्या भावाचं सांगितलंस आणि विचारलंस, आपला देश बोलत का नाही?

साहेब शांतपणे म्हणाले, "आपण त्यांना आश्रय दिला, वसाहती दिल्या, शाळा दिल्या. पण तिबेट चीनचाच भाग आहे, ही आपली भूमिका आहे. तो त्यांचा अंतर्गत प्रश्न. शेजाऱ्याशी व्यापार असतो, सीमा असते. सगळं मोठ्यानं बोलता येत नाही."

तू म्हणालास, "साहेब, आसरा देणं अन् बाजू घेणं एक नसते."

टाळ्या वाजल्या. डोल्मानं डोळे पुसले. मी बायकांच्या रांगेत बसले होते. माझे हात उठलेच नाहीत.

घरी येताना मी रस्त्यातच तुला अडवलं. "माह्यासाठी असा कधी उठला होता का तू?"

"तुले काय कमी पडू देलं, नंदे?"

"काहीच नाही. तोंड तेवढं उघडलं नाही."

तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणालास, "पेरणीचा हंगाम निघू दे. जातो मेडशीले." बियाण्याची विक्री आधी, मग बहीण! तरी मी वाट बघितली. पेरणी यायच्या आधीच तुझ्या छातीत कळ आली, आणि अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू राहिला नाहीस. तू खरंच गेला असतास का रे? हे आता मी कुणाला विचारू?

आज सकाळी मी डोल्माला सगळं ऐकवलं. वर्षानुवर्षांचं. म्हटलं, तू माझा भाऊ नेला. ती चिडली नाही. स्वेटरांच्या घड्या करत म्हणाली, "दीदी, मेरे लिए बोलना आसान था. चीन कौन सा भैया की दुकान पे बीज लेने आता था?"

मला हसू आलं, आणि मग हुंदका. तू भित्रा होतास, हे मला कुणी इतक्या मायेनं सांगितलं नव्हतं.

जरा वेळानं तीच म्हणाली, "जलन मुझे भी होती थी. तुम्हारा भाई शाम को घर आता था."

मी उठले. चहा ठेवला. दोघी प्यायलो.

भाऊ, सासऱ्यांना मी निरोप पाठवला नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी स्वतः मेडशीला जाते आहे. त्यांच्या अंगणात, चार माणसांसमोर सांगणार आहे, कोणी मारलं, किती वर्षं मारलं, आणि पोरगी का देणार नाही ते. वहिनी म्हणाली, "जा. खोली तुहीच हाय." डोल्मा म्हणाली, मी सोबत येते. मी तिला नको म्हटलं. तुझे शब्द तिला मिळाले, तिला असू देत. मेडशीत जे बोलायचं ते माझं आहे, त्यात मी कुणालाही वाटा देणार नाही. तुलासुद्धा नाही.

तुझ्यावर अजून रुसलेली,
नंदा